कोरड्या तलावाची साक्ष

कोहमाऱ्याच्या चौकात बस थांबली होती. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. रायपूरकडून आलेले ट्रक धाब्यांसमोर ओळीनं उभे होते, ड्रायव्हर बाजांवर आडवे झाले होते, आणि उन्हात डिझेलचा अन् डाळीच्या फोडणीचा वास एकमेकांत मिसळून गेला होता. मी खिडकीला डोकं टेकवून पेंगत होते. तेवढ्यात हेतरामभाऊंच्या मुलीचा फोन आला. "बाई, बाबूजी गेले," ती म्हणाली. "सकाळी. उशीला टेकून बसले होते. चहा दे म्हणाले... मी घेऊन आले तर..." बस सुटली. दोन्ही बाजूंना धान कापणीला आलं होतं. पिवळ्या शेतांच्या मधूनच एखादा तलाव चमकून जायचा. पाणी दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं. गोंदिया येईपर्यंत मला रडू आलं नाही. अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटत होतं, आणि त्या झोपेत हेतरामभाऊ कुठल्यातरी तलावाच्या पाळीवरून चालत होते, लांब लांब पावलं टाकत, मागं न बघता.

त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. हेतराम टेंभरे हे नाव गोंदियाबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. आमच्याकडं तलाठ्याला अजूनही पटवारी म्हणतात. हेतरामभाऊ कामठ्याकडच्या पट्ट्यात पटवारी होते, तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यात एकदाच ते देशाबाहेर गेले, आणि गेले ते भारत सरकारच्या बाजूनं साक्ष द्यायला. एका परदेशी कंपनीनं आपल्या सरकारवर दावा लावला होता, आणि त्या दाव्याच्या मुळाशी हेतरामभाऊंनी हातानं लिहिलेला एक कागद होता. मी त्यांची दुभाषी होते. या लेखात कंपनीचं नाव नाही, त्या शहराचं नाही, तलाव ज्या गावचा त्या गावाचंही नाही, कारण गुप्ततेच्या कागदावर आम्ही दोघांनी सह्या केल्या होत्या. सही करताना भाऊ म्हणाले होते, "तलावासाठीच आलो, अन् तलावाचं नाव घ्यायचं नाई... मजाच हाये बाई." नावं न घेता एका माणसाबद्दल बोलायला कुणाची हरकत नसावी, म्हणून लिहिते आहे.

मी गोंदियाच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची. एक दिवस प्राचार्यांनी बोलावून कागदांचा एक गठ्ठा पुढं ठेवला. सरकारी कामासाठी मराठी कागदपत्रांचा इंग्रजी तर्जुमा हवा होता, लवकर हवा होता. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेले ते कागद, कुठं काळे, कुठं पांढरे. नोंदी, पत्रं, नकाशे, आणि त्यात हेतरामभाऊंचा तो पंचनामा. मी गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत, माझ्या घरी अंगणात बसून रोज दोन-चार पानं उरकत होते. एका संध्याकाळी फाटकाशी सायकल लावून एक उंच, वाळका माणूस आत आला. पांढरा शर्ट, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. "मी टेंभरे. पटवारी होतो जी," ते म्हणाले. "माझा कागद तुमी इंग्रजीत करून राहिल्या मनतात. वाचून दाखवान का?" मी इंग्रजी वाचून दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "गोड वाटते ऐकाले. आता हे कोनाले दाखवणार?"

मला तेव्हा जेवढं कळलं होतं तेवढं मी सांगितलं. आपल्या देशानं त्या कंपनीच्या देशाशी एक करार केला आहे. तुमच्या कंपन्यांनी इथं काही उभारलं तर त्याला आम्ही धक्का लागू देणार नाही, असं त्यात लिहून दिलं आहे. धक्का लागला असं कंपनीला वाटलं, तर तिनं आपल्या कोर्टात जायची गरज नाही. ती थेट सरकारला तिऱ्हाईत देशात, तिघा पंचांपुढं उभं करू शकते. एक पंच कंपनीनं नेमायचा, एक सरकारनं, तिसरा दोघांनी मिळून.

भाऊंनी बोटांवर तीन मोजले. "पंच म्हंजे आपल्या पंचनाम्यावानीच ना?"

"तसंच म्हणा."

"मंग गावचा पंच कोनता?"

"गावचा कुणी नाही, भाऊ."

"काऊन?"

नंतर मी जाणत्या लोकांनाही हे विचारलं. दावा कंपनीचा आणि सरकारचा, गाव त्यात पक्षकार नाही, एवढंच प्रत्येकानं सांगितलं. भाऊंनी मान हलवली, सायकल काढली आणि कामठ्याच्या रस्त्यानं गेले. त्यानंतर मात्र ते दर आठवड्याला यायला लागले. कधी शिंगाडे घेऊन, कधी नुसतेच.

असं येता-जाता मला ती सगळी हकीकत कळली. भंडाऱ्यातून वेगळा काढून आमचा जिल्हा नवा झाला होता, ते वर्ष. दप्तरांची वाटणी चालली होती, गाठोडी ट्रकांतून येत होती, कुठला कागद कुठं आहे ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. त्याच सुमारास कागदाचा लगदा करायचा मोठा कारखाना येणार अशी बातमी आली. जागा ठरली ती एका जुन्या तलावाची. वरून सांगणं आलं, की पटवाऱ्यानं जागा पाहून "पडीक जमीन" असा पंचनामा करून द्यावा. मे महिना होता. भाऊ गेले, पाहिलं, आणि लिहिलं, "सदर जागेत तलाव आहे." पंच म्हणून गावातल्या चौघांनी सह्या केल्या, त्यात सुकवारा नावाच्या ढिवर बाईचा अंगठा होता. तिच्या घरच्यांनी पिढ्यानपिढ्या त्या तलावात जाळं टाकलेलं. वरच्या साहेबांनी कागद पाहिला, आणि महिन्याभरात भाऊंची बदली जंगलाकडच्या टोकाला झाली. "वहिनी तिकडं आल्या का?" मी विचारलं. "नाई जी. पोरीची शाळा होती. मी एकटाच राहिलो तीन वर्षं," ते म्हणाले, जसं काही पावसाबद्दल सांगत होते.

पंचनामा कपाटात पडून राहिला आणि कंपनीला परवानगी मिळाली. कुंपण उभं राहिलं, यंत्रांची मागणी गेली, परदेशी इंजिनियर गोंदियात खोल्या घेऊन राहू लागले. दोन वर्षांनी गावकऱ्यांचे अर्ज एका नव्या अधिकाऱ्याच्या हाती लागले. त्यानं कपाटं उपसली, पंचनामा काढला आणि परवानगी रद्द झाली. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. तुम्हीच बोलावलंत, तुम्हीच जागा दिलीत, आता तलाव आहे म्हणता. पण तलाव कुठं आहे? तुमच्याच पटवाऱ्यानं लिहिलंय की पाणी नव्हतं. खरं सांगायचं तर कागद वाचताना मलाही कधीकधी कंपनीचं पटायचं. हे मी भाऊंना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "त्यायले फसवलंच ना. सरकारनं फसवलं, मी नाई. पन सरकार म्हंजे मी बी होतोच की..."

साक्षीचं बोलावणं आलं तेव्हा हिवाळा होता. गोंदियाहून नागपूर, नागपूरहून दिल्ली, आणि मग ते लांबचं विमान. खिडकीजवळची जागा त्यांनी मागून घेतली होती. खाली ढगांचा पांढरा पसारा, मधेच फट पडे आणि तपकिरी जमीन दिसे, त्यावर एखादा चकचकीत ठिपका. "तलाव," ते म्हणत. परत ढग. मग बऱ्याच वेळानं, "हा बी तलाव." आम्ही कुठल्या देशावरून चाललो होतो, देव जाणे. मी झोपले, जागी झाले, परत झोपले. प्रत्येक वेळी ते तसेच काचेला नाक लावून बसलेले. त्या प्रवासाचा विचार केला की मला आजही तो सगळा एकच लांबलचक श्वास वाटतो, ज्याच्या एका टोकाला कामठा आहे आणि दुसऱ्या टोकाला ते धुकट शहर, जिथं दुपारी चारलाच दिवे लागत.

साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी बाजूचे मोठे वकील भेटले. दिल्लीचे, बोलायला फार गोड. चहा मागवला, मुलाबाळांची चौकशी केली, मग म्हणाले, "पटवारी साहब, मई में भी थोड़ा-बहुत पानी तो रहता होगा न? कहीं कोने में, कीचड़-वीचड़?"

"नहीं था साहब. सूखा था."

"देखिए, आप खाली इतना कह दीजिए कि याद नहीं."

भाऊंनी कप खाली ठेवला. "याद है न साहब. पूरा याद है."

वकिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या फुलदाणीकडं पाहिलं. ते उठताना इंग्रजीत मला म्हणाले, की हा माणूस आपल्याला बुडवणार आहे, पण नाव यादीत दिलंय, आता मागं घेता येत नाही. मी हे भाऊंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. आम्ही नदीकाठी फिरायला गेलो. धुक्यात बोटी दिसत नव्हत्या, त्यांचे भोंगे तेवढे ऐकू येत होते. भाऊंनी माझ्या नवऱ्याचा मफलर गुंडाळला होता. "बाई," ते म्हणाले, "उद्या मी जे बोलीन तेच तुमी सांगान ना? कमीजास्ती नाई ना करान?" मी म्हटलं, नाही करणार.

दुसऱ्या दिवशीची ती खोली मला स्वप्नात येते. जाड गालिचा, पावलांचा आवाजच नाही. लांब टेबल, त्यापलीकडं तिघे पंच. मधले अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, ऐकू जरा कमी येत असावं, कारण हात कानामागं धरून ऐकत. साक्ष हिंदीत द्या, असं सुचवलं गेलं होतं. भाऊ म्हणाले, कागद मराठीत लिहिला, त्याबद्दल मराठीतच बोलणार. माझ्या भाषांतरावर नजर ठेवायला कंपनीनं एक मराठी गृहस्थ आणून बसवले होते. पुण्याकडचे, त्या शहरात राहून वर्षं झालेली. सुरुवातच गमतीची झाली. सगळ्या इंग्रजी कागदांत आपल्या सरकारी रिवाजाप्रमाणे तलावाला "टँक" लिहिलेलं. अध्यक्षांनी अगदी मनापासून विचारलं, की हा टँक लोखंडाचा होता की सिमेंटचा. मी भाषांतर केलं. भाऊ माझ्याकडं बघत राहिले. "बाई, हे का विचारून राहिले?" मग मी अध्यक्षांना समजावलं, की टाकी नव्हे, पाळ बांधून पाणी अडवलेला तलाव, शेकडो माणसांनी मातीच्या टोपल्या वाहून केलेला. "असं होय," अशा अर्थाचं काही ते पुटपुटले आणि वहीत लिहून घेतलं. इतके दिवस खटला चालला होता, आणि त्यांच्या डोळ्यांपुढं टाकी होती...

कंपनीच्या वकील बाई होत्या. आवाज हळू, घाई अजिबात नाही. त्यांनी विचारलं, त्या दिवशी तलावात पाणी होतं का?

"नव्हतं," भाऊ म्हणाले.

तो एक शब्द. माझ्या शेजारी सरकारी वकिलांनी पेन खाली ठेवलं. खोटं सांगायचं नाही, पण आवाज जरा सैल सोडायचा, "फारसं नव्हतं" असं काहीतरी म्हणायचं... अर्ध्या क्षणासाठी ते माझ्या जिभेवर आलं होतं, हे आज कबूल करते. मग मी सांगितलं : नव्हतं.

मग तिथं काय होतं?

"गाई चरून राहिल्या होत्या."

पुण्याचे गृहस्थ उठले. साक्षीदार म्हणतोय गाई तिथं राहिल्या होत्या, म्हणजे मुक्कामाला होत्या, गोठा असावा, असं त्यांनी सांगितलं. मला समजावावं लागलं, की आमच्याकडं "चरून राहिल्या होत्या" म्हणजे चरत होत्या, तेवढंच. अध्यक्षांना या वादाची गंमत वाटली असावी. वकील बाईंना नाही वाटली. त्या म्हणाल्या, पाणी नाही, गाई चरताहेत, तरी तुम्ही तलाव लिहिलंत. का?

"मी एवढंच नाई लिवलं जी. पुढची ओळ वाचा ना."

पुढं ओळ नाही, वकील बाई म्हणाल्या. आणि त्यांनी माझं इंग्रजी भाषांतर वर धरलं. तिथं "पाणी नाही, गुरे चरत आहेत" या वाक्यानंतर तीन टिंबं होती आणि खाली सह्या.

ती टिंबं माझी होती. झेरॉक्सवर त्या जागी कागदाची घडी आली होती, अक्षरं पुसट होती, आणि मला घाई होती. अशी टिंबं मी त्या गठ्ठ्यात दहा ठिकाणी दिली असतील. अध्यक्षांनी मूळ कागद मागितला. सरकारी पेटीतून तो निघायला बराच वेळ लागला. खिडकीबाहेर धुकं होतं आणि आत कागदांची सळसळ. मूळ कागद माझ्यापुढं आला. भाऊंचं अक्षर छापल्यासारखं स्वच्छ होतं. घडीतली ओळ स्पष्ट दिसत होती. मी ती मोठ्यानं वाचली : "पंच सुकवारा हिने मध्यभागी एक हात खोदून दाखवले असता, ओल्या गाळात जिवंत मांगूर मासा आढळला, तो पाहून परत झाकला."

मांगूर या माशाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. मी म्हटलं, मिशा असलेला एक मासा. भाऊंनी ओठांपाशी दोन बोटं धरून मिशा करून दाखवल्या. अध्यक्ष पुढं वाकले. पाणी नसताना तो जगतो कसा, त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न खटल्याचा नव्हता, एका म्हाताऱ्या माणसाचा होता. भाऊ सांगू लागले. तलाव आटत आला की मांगूर खाली खाली जातो. वर भेगा पडतात, गाई चरतात, पोरं खेळतात. खाली तो थोड्याशा ओलीत पडून राहतो, पाऊस येईपर्यंत. "त्याले मालूम असते जी, का पानी येनार हाये. म्हनून मी तलाव लिवलं. मासा तलाव समजून थांबला हाये, तं मी पडीक कसं लिवू?"

मी ते जसंच्या तसं सांगितलं. मग अध्यक्षांनी माझ्याकडं पाहून विचारलं, ही ओळ भाषांतरात का नाही? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर भाऊ मधेच म्हणाले, "का विचारून राहिले ते?" मी सांगितलं. ते लगेच म्हणाले, "माझं अक्षर लई खराब हाये, मना त्यायले. वाचताच येत नाई कोनाले."

आणि याचं मला भाषांतर करावं लागलं. अध्यक्षांनी चष्मा काढून तो कागद पाहिला, ते सुरेख, ठसठशीत देवनागरी अक्षर, जे त्यांना वाचता येत नव्हतं पण दिसत तर होतं. मग भाऊंकडं पाहिलं. मग कागद परत दिला आणि म्हणाले, पुढं चला.

मधल्या सुटीत मी भाऊंना गाठलं. "खोटं कायला बोललात?" मला रडू येत होतं. ते शांतपणे म्हणाले, "तलावाबद्दल बोललो नाई ना खोटं. अक्षर माझं हाये. त्याले मी काई बी मनीन." तेवढ्यात पुण्याचे ते गृहस्थ हातात दोन कप घेऊन आले. एक भाऊंना दिला. विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराशी बोलायची मनाई असते, त्यामुळं ते खटल्याबद्दल काहीच बोलले नाहीत. एवढंच विचारलं, की तुमच्याकडं आता शेतात काय असेल? भाऊ म्हणाले, "धान निघालं. त्याच बांध्यांत लाखोरीची दाळ पेरली असन. आता निळी निळी फुलं आली असतील." गृहस्थ मान हलवत राहिले. चहा त्यांनी प्यायलाच नाही. मी किती वर्षांत गेलो नाही, असं ते खिडकीकडं बघत म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवसानंतर मला तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही, पण त्याचं ते पाठमोरं उभं राहणं अजून दिसतं.

परत आलो. दुसऱ्याच दिवशी भाऊ त्या तलावाच्या गावी गेले, मीही गेले. सुकवाराबाई पाळीवर जाळं वाळत घालत होती. भाऊंनी सगळं सांगितलं, मिशांसकट. ती हसली, मग एकदम हसायची थांबली. "मासा म्या काढला," ती म्हणाली. "तलाव आमचा. मंग त्यायनं मले काऊन नाई बोलावलं?" भाऊ म्हणाले, "बोलवाले पायजे होतं सुकवारा. मी तं सरकारचा मानूस. मले बोलावलं, तुले नाई. हे बराबर नाई झालं." तिनं जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, म्हणजे ताणून धरायला. आम्ही तिघांनी मिळून ते जाळं पसरलं. पाणी हिरवट, स्थिर होतं. पलीकडच्या काठाशी सारसांची जोडी उभी होती, इतकी स्थिर, की कुणी कापून चिकटवल्यासारखी.

मग नुसतं थांबणं. दोन हिवाळे गेले. भाऊ दर आठवड्याला यायचे, पायरीवर बसायचे आणि काही आलं का, एवढं विचारायचे. मी दिल्लीला पत्रं टाकत होते. शेवटी एकदा फोन आला. कंपनीनं आणि सरकारनं आपसात मिटवलं होतं. काय मिटवलं, कुणी कुणाला काय दिलं, ते सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. निवाडा लिहिलाच गेला नाही.

"म्हंजे कोन जिंकलं?" भाऊंनी विचारलं.

"ते कळायला मार्ग नाही."

"त्या बुढ्या साहेबानं माशाचं खरं मानलं का नाई?"

"तेही कळायचं नाही, भाऊ."

ते उठले, सायकलवर बसले आणि सरळ त्या गावच्या पटवारी कार्यालयात गेले. नव्या पटवाऱ्याकडून गावाच्या सामाईक जागांची नोंद काढून घेतली. दुपारी परत माझ्याकडं आले, घामानं भिजलेले. कागद माझ्यापुढं धरला. बोट ठेवून म्हणाले, "हे वाचा." त्या गटापुढं "तलाव" लिहिलेलं होतं. "आता वाचाले आलं ना? घडी नाई घातली मी," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्या टिंबांवरून मला चिडवलं. आम्ही दोघंही खूप हसलो. मी तेव्हाही माफी मागितली नाही. मागायला हवी होती. त्यांनी ती मागू दिली नसती, ही वेगळी गोष्ट.

नंतरची वर्षं संथ गेली. गुडघे दुखू लागल्यावर त्यांची सायकल सुटली, मग मी कामठ्याला जाऊ लागले. ते परदेशाबद्दल फारसं बोलत नसत. कुणी कौतुकानं विचारलंच तर म्हणत, "धुकं होतं जी. काई दिसलं नाई." मेमध्ये मात्र एकदा तलावात जाऊन यायचे, मुलीच्या मोटारसायकलवर मागं बसून. काठी टेकत मध्यापर्यंत चालायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. खोदायचे नाहीत. "असू दे झोपलेला," म्हणायचे.

परवा मी त्यांच्या घरी गेले होते. वहिनी अंगणात लाखोरीची भाजी निवडत होत्या. मला म्हणाल्या, आत बसा, चहा टाकते. भाऊंच्या खोलीत बाज तशीच होती, वर घडी केलेली चादर. खुंटीवर त्यांचं मनगटी घड्याळ लटकत होतं. बाहेरच्या खोलीतल्या घड्याळात तीन वाजून गेले होते. या घड्याळात साडेनऊ. बंद पडलं असेल म्हणून मी ते काढून घेतलं, तर काटा फिरत होता. वहिनी चहा घेऊन आल्या. "तो तिकडचा टाईम हाये, बाई," त्या म्हणाल्या. विमानातून उतरल्यावर भाऊंनी ते तिथल्या वेळेला लावलं होतं आणि परत आल्यावर बदललंच नाही. मला कधी कळलं नव्हतं; माझ्याकडं येताना ते घड्याळ घालत नसत. वहिनींनी एकदा विचारलं होतं, आता कायले ठेवता असं? तर म्हणाले होते, "त्यायचं विचारनं संपलं असं कोनी मनलं नाई ना अजून. एखादा प्रश्न राहिला असन. आपल्याले मालूम पायजे, ते कवा बसतात."

सकाळी साडेनऊला ते पंच बसत. म्हणजे आत्ताच. त्या गालिच्याच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या मांडल्या जात असतील, कुणीतरी विचारत असेल दुसऱ्याच कुणाच्या तलावाबद्दल, दुसऱ्याच कुणाच्या डोंगराबद्दल... मी घड्याळ हातात धरून बसले. ते अंगाशी धरल्यासारखं कोमट होतं, उन्हाची तिरीप त्या खुंटीवर येते म्हणून असेल.

"मागच्या आठवड्यात बंद पडलं होतं," वहिनी म्हणाल्या. "गोंदियाले गेली, सेल टाकून आनला. दुकानवाला मनते, अम्मा, टाईम गलत है, ठीक कर देता हूं." त्यांनी ते माझ्या हातून घेतलं, पदरानं काच पुसली आणि खुंटीवर परत लटकवलं. "मी मनलं, राहू दे बापा. बराबर हाये तो."